बारा ते पंधरा

बैठक चारची ठरली होती. बालकेंद्रातली बाई बरोबर चारच्या ठोक्याला जिना चढून आली, थोरली लेक सात मिनिटं उशिरा आणि मुलगा-सून पंधरा मिनिटं. आबांनी गॅलरीत उभं राहून हे सगळं मनातल्या मनात नोंदवलं. एकतीस वर्षं बस डेपोच्या कंट्रोल केबिनमध्ये काढलेला माणूस निवृत्त होतो, त्याचं घड्याळ होत नाही. बाई वेळेवर आली म्हणून खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वेळ पाळणाऱ्या माणसाला गुंडाळता येत नाही, एवढं त्यांना अनुभवानं कळत होतं.

एरवी गुंडाळण्यात आबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ब्रेक निकामी झालेली बस त्यांनी म्हणे एकदा नुसत्या शिट्टीवर घाट उतरवून आणली होती, आणि तो घाट दर वर्षी दोन वळणांनी लांबत होता. एक प्रवासी म्हणे सीटवर असा झोपला की अकरा वर्षं उतरलाच नाही. शेवटी सतरा नंबरच्या सीटच्या पत्त्यावर त्याची पत्रं यायला लागली. ऐकणाऱ्याला थाप कळायची, पण मधेच उठून जायची कुणाची छाती नव्हती. गोष्टच तशी रंगायची.

म्हणून जानेवारीत धाकटीनं आधी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं, आणि एका सकाळी ती गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेली सापडली, तेव्हा तिला उपचारांसाठी दाखल करून घरी परतलेल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं. तिच्या दहा वर्षांच्या पोरीला, खारूला, आता काय सांगायचं? खारूचा बाप तिच्या जन्माआधीच या घराच्या गोष्टीतून उठून गेला होता आणि त्याला कुणी परत हाक मारली नव्हती. उरले हेच. आबांनी लगेच कागद पुढे ओढला आणि डेपोसारखी पाळी लावली: एक महिना आपल्याकडे, एक थोरलीकडे, एक मुलाकडे. पोरीनं आईबद्दल विचारलं तर ज्याची ड्यूटी त्यानं उत्तर द्यायचं. प्रवाशांना गाडीतलाच कंडक्टर उत्तर देतो, दुसऱ्या गाडीतला नाही. किती साधी सोय. त्या वेळी सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

कोण काय उत्तर देतं हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

आबांनी धाकटीला दीपगृहावर नोकरीला लावलं. थोरली दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. खोटं हे लहान असावं आणि तोंडात नीट बसावं असं तिचं मत, म्हणून तिनं बहिणीचा पाय मोडून तिला प्लास्टरमध्ये घातलं. मुलगा कुठल्याशा गोदामात संगणकावर बसायचा, त्यानं संगणकाचाच कोर्स दिला. सून शाळेत ग्रंथपाल. तिच्या पाळीत पोरीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला माहीत आहे, पण मला सांगायला मनाई आहे. हे घरात कळलं आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. पोरीच्या जिवाला घोर लावला म्हणून. आणि जूनमध्ये खारू वर्गात झोपायला लागली, डोक्याच्या एका बाजूचे केस तिनं स्वतःच उपटून तिथे रुपयाएवढं टक्कल पाडलं, तेव्हा याच सुनेनं कुणाला न विचारता तिला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या बालकेंद्रात नेलं. त्यावर दोन आठवडे घरात कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. आजही ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, जणू बैठक दुसऱ्याच कुणाच्या घरची.

केंद्रातली बाई तिशीची असेल. फाइल नाही, पेन नाही, खांद्याला एक मळकी कापडी पिशवी. खारू तिला ताई म्हणायची. खारू स्वतः आतल्या खोलीत होती; बोलावलंत की येईन, त्याआधी कुणी आत डोकावू नका, असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. बाईंनी चहा अर्धा घेतला आणि कुणी न विचारता सांगायला सुरुवात केली. खारूची आई आता बरीच सुधारली आहे. जेवते, झोपते, बागेत काम करते. येत्या गुरुवारी दुपारी मुलीला भेटवायला डॉक्टरांची हरकत नाही. फक्त त्याआधी खारूला खरं काय ते कळलं पाहिजे, आणि ते घरच्यांनी सांगितलं पाहिजे.

"वेड लागलंय म्हणून सांगायचं का पोरीला?" थोरलीनं विचारलं.

"आजारी आहे म्हणून सांगायचं. मनाचा आजार आहे, औषध चालू आहे आणि यात तुझी काही चूक नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी."

मग बाई म्हणाल्या की अडचण वेगळीच आहे. आजाराचं खारूनं अर्धंमुर्धं ओळखलंच आहे. पण गुरुवारी जायला ती तयार नाही. का, ते तिनं तोंडानं सांगितलं नाही, हे दिलं, आणि तुम्हाला दाखवायची परवानगीही दिली आहे. असं म्हणत त्यांनी पिशवीतून चार ठिकाणी चिकटवलेला एक लांबलचक कागद काढला आणि टेबलावर पसरला.

आबांनी तो खुर्चीतूनच ओळखला. ड्यूटी तक्ता. वर तारखा, डावीकडे नावं, मधे रकाने, पट्टीनं आखलेले. त्यांनीच तिला दोन वर्षांपूर्वी शिकवला होता, सुट्टीतला खेळ म्हणून. गाडी एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, आणि कुठेच नाही असंही होत नाही, हे तेव्हा टाळी देऊन सांगितलं होतं. डेपोतल्या गाड्यांच्या जागी पोरीनं लिहिलं होतं: आबा, मावशी, मामा. आणि खाली, ठळक अक्षरांत, आई.

मुलगा वाकून मोठ्यानं वाचायला लागला. नऊ जानेवारी ते दोन फेब्रुवारी, आई दीपगृहावर. तीन फेब्रुवारीला दीपगृहाच्या गोल जिन्यावरून पडली, म्हणून पाय मोडला. बारा मार्चला प्लास्टर काढलं. पाय अधू, दीपगृहाचा जिना चढवत नाही, म्हणून बसून करायची नोकरी हवी, म्हणून पंधरा मार्चपासून संगणकाचा कोर्स.

तिघांनी आपापल्या सोयीनं मारलेल्या तीन थापा पोरीनं एकमेकींना जोडून, घासूनपुसून, चालत्या केल्या होत्या. दीपगृहाचा जिना तर आबांनीही सांगितला नव्हता. तो तिनंच बांधला होता.

"तुमच्यापैकी कुणालाही खोटं पाडायचं नाहीये तिला," बाई म्हणाल्या. "गेले कित्येक दिवस ती हेच करतेय. तुम्ही सगळे खरे ठराल अशी आई बसवायची. झोप त्यानं उडालीय तिची." मग त्यांनी लाल पेन्सिलीनं गिरवलेल्या तीन रकान्यांवर बोट ठेवलं. "हे तेवढे बसत नाहीत. बारा, तेरा, चौदा मार्च. प्लास्टर निघालं, कोर्स सुरू व्हायचा होता. मोकळी होती तर माझ्याकडे का आली नाही, हे कळल्याशिवाय मी तिला भेटणार नाही, असं म्हणते."

या तारखा काही हवेतून आल्या नव्हत्या. बारा मार्चला धाकटीला खरोखरच घरी सोडलं होतं. थोरलीला ते आधी कळलं, म्हणून तिनं घाईनं प्लास्टर काढून ठेवलं. पण धाकटी कुणाकडेच आली नाही. पंधराला सकाळी बसस्थानकाच्या बाकावरून तिला कुणीतरी परत उपचारगृहात नेऊन पोचवलं, आधीपेक्षा वाईट अवस्थेत, तेव्हा मुलानं कोर्स सुरू केला. खोटं बोलणाऱ्यांनीही तारखा मात्र खऱ्या वापरल्या होत्या. या घरात तारखेत खोट चालत नसे.

"आता काय सांगायचं तिला?" थोरलीचा आवाज कडू झाला. "की तीन दिवस मोकळी फिरत होती आणि पोटच्या पोरीचं तोंड बघायला आली नाही? मला अजून क्षमा करता येत नाही तिला. पोरीला कुठून येणार?"

मुलाचं म्हणणं, डॉक्टरांनीच ठेवून घेतलं होतं असं सांगावं. बाईंनी मान हलवली. तेव्हा तो आबांकडे वळला. "बाबा, तुम्ही काढा ना काहीतरी. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे. तुम्हाला काय अवघड आहे?"

आणि थोरलीही, जी या भावाशी कधी एका वाक्यानं सहमत झाली नव्हती, म्हणाली, "तुमचं ती ऐकेल, बाबा."

आयुष्यभर ज्याची हौस बाळगली ते आमंत्रण आबांना घरच्यांकडून भर बैठकीत मिळालं होतं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून झाला, तरी ते पुसत राहिले.

बाई म्हणाल्या, नवीन गोष्ट नको. माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा, तेही खरंच असतं, मुलं ते पेलतात. आबांना एकदम मोकळा श्वास घेता आला. माहीत नाही. दोन शब्द, आणि बाकीच्या तिघांच्या तोंडी ते खरेही. त्या गर्दीत आपणही मिसळून जायचं. कोण बघतंय?

बाईंना तेवढ्यात आठवलं. "आणखी एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात मी खारूच्या आईला भेटले. त्यांनी मला पहिलं हेच विचारलं की सहल कशी झाली. धबधबा बघितला का तिनं. मला काही कळेना. कुठे गेली होती का खारू सहलीला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सहलबिहल कुठेच नव्हती. थोरलीनं सुस्कारा टाकला. "तिच्या डोक्यात असंच काहीतरी असतं. अजून बरी झालेली नाही ती. मी म्हणते, गुरुवारची घाई नकोच." मुलानंही मान डोलावली. सून स्टुलावरून हळूच म्हणाली की धबधब्यासारखी गोष्ट उगाच कुणाच्या डोक्यात येत नाही. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

आबांनी बघितलं. आपण गप्प राहिलो तर काय होणार ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. सहल डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं लक्षण म्हणून चढणार. धाकटी बरी होऊन खरं बोलेल आणि घर तिला म्हणेल, अजून भ्रम आहे. गोष्ट त्यांची आणि ठपका तिच्यावर.

"सहल मी काढली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बारा मार्चला धाकटी आली होती. दुपारी, या इथे, या जिन्यानं. त्यांची पाळी नसतानाही खारू त्या दिवशी त्यांच्याकडे आली होती आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच ती पोटभर जेवून गणितं सोडवत बसली होती. दार उघडलं तर धाकटी समोर, गालांची हाडं वर आलेली, हसतेय पण डोळे हसत नाहीत. पोरगी हिला अशी बघेल आणि पुन्हा कोसळेल असं त्यांना वाटलं. आठ दिवस जाऊ देत, जरा अंग धरू दे, मग भेटवू. हे असंच तिला सांगता आलं असतं. पण सरळ सांगायची सवय नव्हती आणि जिभेवर आयती सहल येऊन बसली. ती गेली. आबांना वाटलं, थोरलीकडे गेली असेल. पंधरा तारखेला कळलं, तेव्हा बोलायची वेळ उलटून गेली होती. आणि मग रोज थोडी थोडी आणखी उलटत गेली.

मुलगा उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. थोरली जागची हलली नाही.

"मी तिला भेटायला जायची थांबले, बाबा," ती म्हणाली. "मार्चपासून एकदाही गेले नाही. तिनं निरोप पाठवला, मी उत्तर दिलं नाही. मी का थांबले ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही इथे बसून माझ्याकडून ऐकत होतात, दर रविवारी."

आबा हो म्हणाले. सुनेनं स्टूल उचललं, आणून थोरलीच्या शेजारी ठेवलं आणि तिच्याजवळ बसली. थोरलीनं तिचा हात धरला. दोन आठवड्यांपूर्वी याच हाताला धरून तिनं तिला जाब विचारला होता.

बाईंनी आबांना शिव्या दिल्या नाहीत, याचं आबांना वाईटच वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, खारूला तुम्ही सांगता की मी सांगू? मी सांगतो, आबा म्हणाले, तुम्ही दाराशी बसा. मी भरकटलो तर खोका.

खारू पलंगावर मांडी घालून बसली होती. भिंत पातळ होती. कितपत ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आबांनी आधी शेवटचं वाक्य सांगितलं, यात तुझी काही चूक नाही, आणि ते इतक्या घाईत सांगितलं की पुन्हा सांगावं लागलं. मग आजार. मग दीपगृह नव्हतं, पाय मोडला नव्हता, कोर्स नव्हता. खारूनं मान हलवली, जशी डेपोत जुनी गाडी रद्द झाल्याची वर्दी ऐकून ते स्वतः हलवायचे. मग ते बारा तारखेवर आले, आणि तिनं पेन्सिल उचलली.

"किती वाजता?"

"तीन दहा."

"मी कुठे होते?"

"इथेच. याच पलंगावर."

"दार उघडं होतं?"

"होतं. मी ओढून घेतलं."

तिनं दाराकडे बघितलं, मग पलंगावरून दारापर्यंतचं अंतर बघितलं. चार पावलं असतील. आबांनाही ती तेव्हाच पहिल्यांदा मोजावीशी वाटली. बाई दाराशी होत्या, त्या खोकल्या नाहीत.

"तू तिला काय सांगितलंस?"

इथे आबांची स्मरणशक्ती धावून आली. सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. आठ दिवसांची सहल, गाडीचा नंबर, सहा बोटांचा ड्रायव्हर, म्हणून गिअर इतरांपेक्षा झटकन पडतो. वाऱ्यानं उलटा वर जाणारा धबधबा, आणि खारूनं डबा भरताना आईसाठी वेगळी काढून ठेवलेली दोन बिस्किटं. हे शेवटचं सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना किळसवाणा वाटला. इतकं बारीक काम. इतकं पटण्यासारखं.

"मग आई काय म्हणाली?"

आबांनी तोंड उघडलं.

धाकटी जिन्यावर उभी होती. हातात पिशवी. ओठ हलले होते, ते दिसत होतं. आपण धबधब्याचं सांगत असताना ती मधेच काहीतरी म्हणाली होती, आणि जाताना, जिन्याच्या वळणावर, मागे वळून पुन्हा काहीतरी. त्यांनी आठवणीला सगळीकडून धक्के मारून बघितलं. तिथे नुसता त्यांचाच आवाज भरून होता.

आणि वाक्यं तर शंभर तयार होती. तिला सांगा मी येऊन गेले. तिला म्हणावं, आई वाट बघतेय. पोरीला आयुष्यभर पुरेल असं एक वाक्य ते तिथल्या तिथे घडवू शकले असते, आणि धाकटीला पुढे विचारलं असतं तर तिनंही बिचारीनं, हो, असंच म्हणाले असेन, असं म्हटलं असतं.

"आठवत नाही," आबा म्हणाले.

"खोटं."

"नाही गं. खरंच. मी बोलत होतो ना."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

खारू त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. तक्ता बाहेरच्या टेबलावरच राहिला होता, म्हणून तिनं वहीच्या पाठीमागच्या पानावर बारा लिहून पुढे लिहिलं, आली होती. तेरा आणि चौदा तिनं कोरेच ठेवले आणि बाईंकडे बघून म्हणाली की ते ती आईलाच विचारेल. आणि जिन्यावर काय म्हणालीस, तेही. गुरुवारी जायला ती तयार आहे. मावशीबरोबर.

दाराबाहेरून थोरलीच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

"मीपण येतो," आबा म्हणाले. "आत येणार नाही. बाहेर बाकावर बसेन. गाडी किती वाजताची, कुठल्या फलाटावर, तुम्हा बायकांना काही समजत नाही."

"नको, आबा." खारूनं पेन्सिल वहीत घालून वही मिटली. रागाचा मागमूस नव्हता, समजुतीच्या स्वरात, जसं लहानाला सांगतात तसं तिनं सांगितलं. "तू आलास की तूच बोलत बसतोस."

यावर आबांना उत्तर सुचलं. चांगलं सुचलं, खणखणीत. डेपोतल्या ड्रायव्हरांनी टेबलं बडवली असती, आणि खारूही हसली असती, कदाचित मनसुद्धा बदललं असतं तिचं. जिभेच्या टोकाशी आलेलं ते उत्तर आबांनी गिळलं आणि पलंगाच्या कडेला तसेच बसून राहिले, तिला आणखी काही म्हणायचं असेल तर म्हणून.